निनाईचा घाम

ता. ३ ऑक्टोबर १९४३

लगागा — लगागा — लगागा — लगागा.

हा आवाज पाण्याचा. निनाईच्या राईतल्या झऱ्याचा. गोमुखातून धार खाली कुंडात पडायची ती नुसती पडायची नाही. आधी एक हलका थेंब, मग दोन लांब ओघ. पाटणच्या शाळेत मास्तरांनी फळ्यावर भुजंगप्रयाताच्या खुणा काढल्या तेव्हा सगळी पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली आणि मी हसलो. मास्तरांनी कान धरला. "हसतोस का रे?" म्हटलं, "मास्तर, हे आमच्या झऱ्याला येतं." कान सुटला. "मग म्हणून दाखव." डोळे मिटले, झरा आठवला, म्हणून दाखवलं. तेव्हापासून कविता म्हटली की मला पाणी ऐकू येतं, आणि पाणी ऐकू आलं की कविता. मास्तर गेले, शाळेचं कौलारू छप्पर गेलं, पण झरा कविता म्हणायचा काही थांबला नाही.

कोरेगावच्या पोस्टात आयुष्य काढलं. चिठ्ठ्यांवर शिक्के मारतानासुद्धा हात त्याच चालीवर पडायचा. पेन्शन घेऊन या डोंगरातल्या वाडीवर परत आलो तो कशासाठी? आमचं घर राईच्या अगदी पायथ्याला. अंथरुणात पडल्या पडल्या झरा ऐकू येतो म्हणून. ही गेली त्या वर्षी तर तोच सोबतीला होता.

आज सकाळी उशाला डोकं ठेवून कान दिला. काही नाही.

बनुआक्का — माझी थोरली बहीण, आम्ही दोघंच घरात — चुलीपुढून म्हणाली, "कान गेलं तुझं, नाथा. सकाळधरनं तीन हाका मारल्या."

"मारल्या असशील तर मनात," म्हटलं.

"बघ. आता ह्ये बरं ऐकाय आलं."

ता. ५ ऑक्टोबर

परसात बसून पुन्हा कान दिला. कावळा आला ऐकू. आक्काचं पुटपुटणंही. झरा नाही. मोठे आवाज राहतात, बारीक आधी जातात — म्हातारपणाची रीत असावी.

ता. १७ ऑक्टोबर

दसऱ्याला सगळी वाडी राईत गेली, मी गुडघ्यांमुळे घरीच. आक्काला येणाऱ्याजाणाऱ्या बायांनी सांगितलं, कुंड भरलेलं आहे, पाणी छान आहे. म्हणजे कानच.

राई म्हणायची सवय. खरं तर अर्धीच उरली. लढाईपायी पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, आणि कोळशाचा ठेकेदार डोंगर हुंगत आमच्यापर्यंत आला. वरची राई मागितली. अंजनी, हिरडा, जांभूळ, ऐन. तीन पिढ्यांत कुणी तिथली वाळकी काटकी चुलीला आणली नव्हती. आमच्याकडे असं काही ठरवायचं तर माणसं ठरवत नाहीत. निनाई ठरवते.

आमच्या निनाईला रूप नाही. नारळाहून थोडा मोठा, काळा, गुळगुळीत दगड. शेंदूर तिला चालत नाही, तेल चालत नाही, बाईमाणसाचा हातही लागलेला चालत नाही — गुरवाच्या बायकोचासुद्धा. झऱ्याच्या कपारीत गर्द सावलीत बसलेली, म्हणून अंग बाराही महिने ओलं. आम्ही त्याला निनाईचा घाम म्हणतो. कौल लागतो तो या घामावर. धुळा गुरवाने कोरड्या हाताने तांबड्या फुलाच्या दोन पाकळ्या तिच्या दोन अंगांना लावायच्या. पाणी शिंपडायचं नाही, बोट ओलं करायचं नाही. तिच्या घामानेच त्या चिकटायच्या. मग प्रश्न विचारायचा. उजवी आधी गळाली तर होय, डावी गळाली तर नाही. सोयरीक, पेरणी, वाटणी, सगळं असंच ठरत आलेलं.

गेल्या हिवाळ्यात उजवी गळाली. वरची राई भट्ट्यांत गेली. झऱ्याभोवतीची खालची तेवढी राखली.

मग आला पावसाळा. पूर्वी पाऊस राईवर पडायचा आणि राई तो जपून ठेवून आम्हाला पुढच्या शिमग्यापर्यंत थोडा थोडा देत राहायची. यंदा आला तसा गेला. जाताना डोंगराची कातडी घेऊन गेला. आकारामच्या भाताच्या खाचरात डोक्याएवढे धोंडे येऊन बसले. गौरी-गणपतीपर्यंत कुंड गेरूसारखं लाल होतं. आकाराम बांधावर उभा राहून म्हणत होता, "म्या भात लावला हुता गा, धोंडं कुणी लावलं?" बाकीचे हसले. तोही हसला. घरी जाऊन जेवला नाही म्हणे.

ता. १४ नोव्हेंबर

वानरं. घेवड्याच्या वेलाला शेंग ठेवली नाही. आक्का काठी घेऊन उभी आणि एक म्हातारं वानर कौलावर बसून तिच्याकडेच बघतंय. "जा की तुझ्या रानात," ती ओरडली. ते हललं नाही. कुठल्या रानात जाणार?

आक्काच्याने आता चढ होत नाही. धुळा गुरवाची बायको हरणाबाई स्वतःचं पाणी भरून उतरताना एक कळशी आमच्या रांजणात ओतून जाते. कधी सांगावं लागलं नाही. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढून, भिंतीच्या कडेने. आक्काशी मात्र माजघरात कुजबुज आणि खुसखुस. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी धुळाच्या बापाच्या वयाचा, त्यात शिकलेला — बोलणार कशी? आवाज कसा आहे तोही मला भिंतीपलीकडूनच ठाऊक.

रांजण आजोबांच्या वेळचा. निम्मा जमिनीत पुरलेला. माजघरात शिरलं की आधी त्याचा गारवा लागतो, मग तो दिसतो.

ता. ५ डिसेंबर

आक्काने हट्ट धरला — सांगलीला जा, लेकीकडे चार दिवस राहा, डॉक्टरला कान दाखव. "मी वरडून वरडून मरायची," म्हणाली. निघालो.

पाटणहून कऱ्हाडपर्यंत मोटार. आता मोटारीच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी जोडलेली असते. ड्रायव्हर मौला ओळखीचा, त्याचा बाप माझ्याकडे पोस्टात थैल्या उचलायचा. निघण्याआधी तो सळईने भट्टी ढोसत होता. पायांत काही नाही. चपला बाजूला काढून ठेवलेल्या.

पहिल्याच चढाला मोटारीला दम लागला. सगळे उतरले.

"नाना, उतरा," मौला म्हणाला. "कोळसा तुमच्या गावचा असला म्हणून काय झालं, चढाला ढकलायच लागतंय."

"आमच्या गावचा?"

"व्हय की. निनाईच्या राईतला. अंजनीचा हाय, लय धग. बाकीचा कोळसा हां हां म्हंता राख व्हतो, ह्यो जळतच ऱ्हातो."

"म्हणून पायतान काढलंस?"

"देवीच्या जाग्यातला हाय, म्हनून पेटवताना काढतो. कुनाची का असंना, जागा पाकच की. शेटला सांगू नगा, हसंल त्यो."

मग हळूच म्हणाला, "तुमी ढकलू नगा नाना. नुसता हात लावा. लोकास्नी बरं वाटतं."

हात लावला. पत्रा गरम होता. माझी लेक झाली तेव्हा राईतली अंजनी निळी फुलली होती, खोडापासून शेंड्यापर्यंत. म्हणून तिचं नाव अंजना ठेवलं. तिच्याकडे निघालो होतो ते तिच्याच झाडाच्या कोळशावर.

ता. ८ डिसेंबर, सांगली

अंजनाने दारातच मोठ्याने विचारलं, "ना-ना, प्रवास ब-रा झा-ला का?" आक्काने कळवून ठेवलेलं दिसतं. जावई हळदीच्या पेठेत दिवाणजी. घरात कपड्यांना, उशांना, नातवंडांच्या केसांना, सगळ्याला हळदीचा वास.

डॉक्टरने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मागे खिशातलं घड्याळ धरलं. ऐकू येतं? येतं. एक पाऊल मागे. येतं. आणखी मागे, दारापर्यंत. येतं. म्हटलं, "डॉक्टर, तुमचं घड्याळ लंगडतंय. दर चौथ्या ठोक्याला थोडं थबकतं." त्यांनी स्वतःच्या कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं आणि हसत सुटले. "आजोबा, पुण्यात दुरुस्त करून आणलं तरी तिथल्या घड्याळजींना कळलं नाही ते. तुमच्या कानांना काही झालेलं नाही."

अंजनाला आनंद झाला. मला व्हायला हवा होता.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो. धुणी आपटल्याचा आवाज, पलीकडच्या काठावरची बैलांची घुंगरं, पायरीला लागणारं पाणी — सगळं एक एक करून ऐकलं. काही सुटलं नाही. कान शाबूत आहेत.

मग —

ता. ९ डिसेंबर

मग झराच.

ता. १६ डिसेंबर

परत आलो. आक्काला सांगितलं, कान ठीक आहेत. ती म्हणाली, "डाक्टर बी म्हाताराच आसंल."

काठी घेऊन राईत चढलो. वाटेत तीनदा बसलो. वरचा डोंगर बघवत नाही. बुंधे, राख, भट्ट्यांचे काळे गोल, आणि मधूनमधून पावसाने काढलेल्या घळी. खालच्या राईत शिरलो आणि थांबलो. आत गार वाटेना! वरची झाडं गेल्यामुळे दुपारचं ऊन तिरपं घुसून थेट कपारीपर्यंत आलेलं.

कुंडात पाणी आहे. बायांचं खरं आहे. पण गोमुखातून धार पडत नाही. पाणी गोमुखाच्या ओठावरून दगडाला चिकटून खाली सरपटतं, म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून लाळ उतरावी तसं. आवाज नाही. बघणाऱ्याला पाणी आहे, ऐकणाऱ्याला नाही. बायांना घागर बुडवायची असते, तिथं उभं राहून ऐकायला सवड कुणाला?

तिथंच बसून भुजंगप्रयातातली एक शाळेतली कविता म्हणायला घेतली. दुसऱ्या चरणाला अडलो. पाठ होती ती. पुढचा शब्द पाणीच द्यायचं.

ता. ३ जानेवारी १९४४

पौषात दव नाही. सकाळी गवतातून चाललो, पाय कोरडे. लहानपणी या दिवसांत राईतून दहा वाजेपर्यंत धुकं उठत नसे. आई म्हणायची, निनाई न्हाती आहे, वर जाऊ नका.

ता. १९ जानेवारी

कुंडाचा तळ दिसू लागला. बाया आता खाली कोयनेवर जातात. उतरताना रिकाम्या, चढताना भरलेल्या. सगळं उलटं झालं. हरणाबाई अजून आमच्यासाठी एक कळशी आणते. आक्का तिला म्हणाली, "नगं गं बाई, मरशील." भिंतीपलीकडून उत्तर आलं, "मरायला बी सवड पायजे, आक्का."

माजघरात हसू ऐकू आलं. मीही ओसरीत हसलो. मग लाज वाटली.

ता. १३ फेब्रुवारी

लालासाहेब पाटील येऊन बसले. सुपारी कातरत बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाले, "नाना, ठेकेदार खालची राई मागतोय."

मी पानाचं तबक पुढे सरकवलं. ते बोलतच होते.

"गाडीवाट रुंद करून दील म्हंतो. मोटार येईल अशी. पार तुमच्या दारापातुर."

"आणि झरा?"

"झरा काय झाडाला लागतोय व्हय? पानी जमिनीचं, झाड जमिनीवरचं."

"वरची गेली, धार गेली. बघा की."

"यंदा पाऊसच तसला. दरसाल काय सारखा पडतोय?" मग सुपारी बाजूला ठेवली. आवाज बदलला. "नाना, तुमी कोरेगावला हुता. माझी सून आडली तवा आमी तिला झोळीत घालून खाली न्हेली. चौघं जन. पाय घसरायचं, थांबायचं. घाटाच्या तोंडाला आलो तवा झोळीतलं कन्हनं थांबलं. वाट असती तर मोटार आली असती. मला तुमी पानी सांगू नगा."

माणूस खोटं बोलत नव्हता. दारापर्यंत पोचवायला गेलो तर वळून म्हणाले, "कौल लावू. निनाई न्हाई म्हनाली तर माझी बी न्हाई. मग तर झालं?"

झालं, म्हटलं. निनाईवर माझा विश्वास आहे. तिला तरी तहान कळेल.

ता. १० मार्च

धुळवड. पोरांनी रंगाऐवजी राख उडवली. पाणी कुणी दिलं नाही.

ता. २६ मार्च, रविवार

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कौल. रात्र झाली तरी झोप येईना, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो.

अवघी वाडी राईत. पुढे बाप्ये, मागे बाया, बायांच्या कडेला घागरी — तिथून परस्पर नदीवर जायचं म्हणून. ठेकेदार आलेला नव्हता, त्याचा माणूस वजीर होता. तो बिचारा लांब, सावली शोधत. सावली फारशी नव्हती.

धुळाने पांगाऱ्याचं फूल घेतलं. दोन पाकळ्या काढल्या. हात पुसले. उजव्या अंगाला लावली. घसरली. डाव्या अंगाला लावली. ती पण. त्याने दुसरं फूल घेतलं. पाकळ्या लागल्या लागल्या खाली. वाळल्या पानासारख्या. तिसरं फूल. पाकळी दगडावर टिकेना म्हणजे टिकेना.

मी जवळ होतो. बघितलं. दगड पांढरट पडला होता, नदीकाठच्या कुठल्याही धोंड्यासारखा. घाम नाही.

"देवी बोलंना," धुळा म्हणाला.

कुणाला काय करावं कळेना. असं कधी झालंच नव्हतं. होय झालं होतं, नाही झालं होतं, पण हे नव्हतं. जोतिबा सुतार म्हणाला, देवी रुसली. कुणी म्हणालं, देवी गेली. तेव्हा लालासाहेब पुढे झाले.

"गप का बसलाय समदी? पोरगी बघाय जातो आपुन. पोरीला इचारतो, पसंत हाय का? पोरगी काय वरडून सांगती व्हय? मान खाली घालून गप बसती. गप बसली म्हंजी कबूल हाय. नगं असतं तर उठून आत गेली असती."

लोक हसले. ताण सुटल्यासारखे. दोघा-तिघांनी माना हलवल्या. व्हय, खरंच की. गप म्हंजी व्हय.

मी म्हटलं — आणि माझा आवाज मलाच शाळेतल्या पोरासारखा वाटला — "लालासाहेब, ती गप नाही. ती सुकली आहे. घशाला कोरड पडल्यावर तुम्ही तरी बोलाल का? तिचा घाम गेला, म्हणून पाकळी धरत नाही. ओली झाल्याशिवाय तिला विचारू नका."

मागून कुणीतरी, "नाना, तुमास्नी बोलल्यालं तरी कुठं ऐकाय येतंय?"

मोठा हशा. सांगलीच्या डॉक्टरचं काय सांगत बसणार?

मागे वळलो तर बायांत हरणाबाई उभी. कडेला कळशी. पदर पुढे ओढलेला नव्हता. सरळ माझ्याकडे बघत होती. मीच नजर काढली.

ठरलं. अक्षय्य तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी निनाईपुढे नारळ फोडायचा आणि पहिली कुऱ्हाड घालायची. नारळाशिवाय कुऱ्हाड नाही, तेवढी रीत पाळायची.

ता. २ एप्रिल

काही लिहावंसं वाटत नाही.

ता. ९ एप्रिल

शाळेच्या पुस्तकातल्या कविता काढून बसलो. प्रत्येक कवितेत नदी तुडुंब, झाड हिरवं, पाखरू गाणारं. कोरड्या झऱ्यावर एकही कविता आम्हाला शिकवली नाही. कुणाला गरजच वाटली नसेल. आणि कसल्या चालीवर लिहिली असती?

ता. १४ एप्रिल

हरणाबाई चढावर पडली. भरलेली कळशी डोक्यावर, पाय घळीत गेला. कोपर फुटलं, कळशीला पोचा आला. आक्काने हळद भरली. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येईल म्हणून बसलो होतो. नाही आलं. एवढंच आलं — "समदं सांडलं, आक्का. एक थेंब ऱ्हायला न्हाई."

तासाभराने ती पुन्हा खाली गेली. आमची कळशी आलीच.

ता. २१ एप्रिल

धुळा आला होता. दुपारची झळ, माजघरात रांजणापाशी बसला. तांब्यावर तांब्या पाणी प्याला. मी विचारलं, "धुळा, तुझं काय मत? खरं सांग."

"नाना, मी गुरव. ती बोलली तर मी बोलतो. ती बोलंना, मी कुठलं बोलू?"

"थोडं पाणी शिंपडून बघितलं असतं."

"पानी घातल्याला कौल खोटा. माझ्या बापाने केलं न्हाई, मी करनार न्हाई."

रांजणाला हात लावला. सगळा तळवा ओला झाला. त्याच्यापुढे धरला. "बघ. या मातीच्या भांड्याला घाम येतो आणि तिला येत नाही. सावली आणि गारवा, बाकी काय लागतं? तिची सावली तुम्ही कोळशाला दिलीत."

धुळाने माझ्या तळव्याकडे बघितलं. मग हसला, वाईट हसला. "रांजन काय देव हाय व्हय, नाना?"

परसाच्या दारात हरणाबाई भरली कळशी घेऊन थांबली होती. मग रांजणात पाणी ओतल्याचा आवाज आला. शेवटपर्यंत, सावकाश.

ता. २५ एप्रिल

अक्षय्य तृतीया. आंब्याचा रस झाला. खालच्या राईत कुऱ्हाडी आणून ठेवल्या आहेत, पाती चमकताना घरातून दिसतात. वजीर येऊन जाता जाता म्हणाला, "मास्तर, मला दोष देऊ नका, मी पगारी माणूस." मी मास्तर नव्हे, पोस्टातला, हे सांगायचंही सुचलं नाही. अंजनीला आत्ता नवी पालवी आहे, तांबूस. लहान पोराच्या तळव्यासारखी.

आक्काला रस गोड लागला. मला चव कळली नाही.

ता. २६ एप्रिल

दिवस उगवताना कडी वाजली. पाण्याला एवढ्या लवकर कुणी येत नाही. आणि परसाकडची नाही, पुढची कडी.

उघडलं तर हरणाबाई. कोपराला चिंधी बांधलेली. डोक्यावर चुंबळ. चुंबळीवर कळशी नव्हती.

निनाई होती.

दोन्ही हातांनी धरलेली. वर राईत गलका उठला होता. नारळ घेऊन गेलेल्यांना कपार रिकामी दिसली असणार. मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं — धुळा कुणाचं नाव घेऊन हाका मारत होता तेसुद्धा. ती मात्र मागे बघत नव्हती. पदर खांद्यावर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आवं नाना, वाट सोडा. वरनं पानी वतायचं न्हाई. नुसती रांजनाच्या कुशीला बसवायची. घाम येऊ द्या तिला. मग ज्याला इचारायचंय त्यानं इथं यावं."

मी वाट सोडली.